ग्रां प्री पाहायची कशी? पुण्यातल्या नवख्या बुद्धिबळप्रेमींसाठी

एप्रिल २०२५ मध्ये हडपसरच्या अमनोरात फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, महिला ग्रां प्रीचा एक टप्पा झाला. भारताची कोनेरू हंपी पहिली आली, फोटो छापून आले, पुणेकर खूश झाले. पुढच्या महिन्यात मालिका संपली आणि जगज्जेतेपदाच्या पुढच्या पायरीवर गेल्या त्या चीनची झू जिनर आणि रशियाची अलेक्सांद्रा गोर्याचकिना. मग ओळखीतल्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न: जिंकली हंपी, मग तिकीट दुसऱ्यांना कसं?

हे कोडं सुटलं की ग्रां प्री समजली म्हणायची. ही मालिका एका पटावर घडत नाही, ती तक्त्यात घडते. तुम्हाला घोडा अडीच घरं कसा जातो एवढंच माहीत असलं तरी चालेल. शहमात कशी करतात हे आलं तर उत्तमच. बाकीचं इथे एकेक करून पाहू.

आधी वाट समजून घ्या

सगळ्यात वर जगज्जेती. चीनची जू वेनजुन २०१८ पासून या गादीवर आहे. एप्रिल २०२५ मध्ये तिने तान झोंगयीला ६.५–२.५ असं हरवून पद राखलं. तो सामना चीनमध्ये संपत होता तेव्हा इकडे हडपसरला पहिल्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. म्हणजे वरच्या गादीची एक लढाई संपते न संपते तोच पुढच्या आव्हानवीराची निवड चालू असते.

हा आव्हानवीर ठरतो कँडिडेट्स स्पर्धेत. तिथे आठच खेळाडू असतात, प्रत्येकीची प्रत्येकीशी दोनदा गाठ पडते आणि १४ फेऱ्या होतात. या आठ जागांसाठीच सगळी मारामारी. २०२६ च्या महिला कँडिडेट्ससाठी जागांची वाटणी अशी होती: विश्वचषकातून तीन, ग्रां प्रीतून दोन, ग्रँड स्विस नावाच्या मोठ्या स्पर्धेतून दोन आणि फिडेच्या २०२४–२५ च्या महिला स्पर्धांच्या गुणांवर एक.

म्हणजे ग्रां प्री हा एक दरवाजा, एकमेव नव्हे. हंपीचंच पाहा ना. ग्रां प्रीतून हुकलं, पण जुलै २०२५ मध्ये बाटुमीच्या विश्वचषकात तिने अंतिम फेरी गाठली आणि तिकडून पात्र ठरली. तिथे तिला हरवणारी कोण? आपली नागपूरची दिव्या देशमुख. कँडिडेट्सची जागा तर अंतिम फेरी गाठतानाच पक्की झाली होती, त्या एका विजयाने दिव्याला चषक मिळाला आणि थेट ग्रँडमास्टर किताबही मिळाला. एरवी त्यासाठी तीन नॉर्म (तगड्या स्पर्धांतली ठरावीक पातळीची कामगिरी) आणि २५०० रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) लागतं. आणि हीच दिव्या तीन महिन्यांपूर्वी पुण्यात हंपी आणि झूच्या मागे तिसरी आली होती.

नियम दर वेळी थोडे बदलतात, हे आताच मनाशी पक्कं करा. २००९ ते २०११ च्या पहिल्या महिला ग्रां प्रीत मालिका जिंकणारीला थेट जगज्जेतीशी सामना मिळायचा. चीनची होउ यिफान पहिली आली, पण दरम्यान तीच जगज्जेती झालेली होती. मग दुसरी आलेली हंपी आव्हानवीर ठरली आणि २०११ मध्ये तिरानाला तिच्याविरुद्ध खेळली. सामना हंपी हरली. पण ग्रां प्रीतलं दुसरं स्थान काय मोलाचं असू शकतं, हे यापेक्षा चांगलं कोण सांगणार? तेव्हा जुना लेख वाचून नव्या मालिकेचा अंदाज बांधू नका. दर मालिकेला फिडे नियमावली जाहीर करते. त्यातला ‘पात्रता’ हा एक भाग तेवढा वाचा, बाकीचं कायदेशीर गुऱ्हाळ सोडून द्या.

कट्ट्यावर कुणीतरी हमखास सांगेल, “ग्रां प्री तर बंद झाली.” तो खुल्या गटाबद्दल (जिथे स्त्री-पुरुष कुणीही खेळू शकतं) बोलत असतो. तिथली शेवटची मालिका २०२२ ची, बर्लिन, बेलग्रेड आणि पुन्हा बर्लिन. त्यातून हिकारू नाकामुरा आणि रिचर्ड रॅपोर्ट पुढे गेले. नंतर खुल्या गटात वर्षभराच्या गुणांचं फिडे सर्किट आलं. गुकेश २०२४ च्या कँडिडेट्सला पोहोचला तो याच सर्किटवरून, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेता झाला. त्याच कँडिडेट्समध्ये नाशिकचा विदित गुजराथी होता, पण तो ग्रँड स्विस जिंकून आलेला.

मालिकेचा सांगाडा

२०२४–२५ ची मालिका नमुना म्हणून घेऊ. एकूण २० खेळाडू आणि सहा टप्पे: तिबिलिसी, शिमकेंट, मोनॅको, निकोसिया, पुणे आणि ऑस्ट्रियातलं ग्रोसलोबमिंग. प्रत्येकीने सहापैकी तीनच टप्पे खेळायचे. एका टप्प्यात दहा जणी, प्रत्येकीची बाकी नऊ जणींशी एकेकदा गाठ. नऊ फेऱ्या, दर फेरीला पाच पट, एकूण ४५ डाव.

यातून एक गोष्ट निघते आणि नवखे लोक तिथेच चुकतात. एकीचे तीन टप्पे संपलेले असतात तेव्हा दुसरीचा एक बाकी असतो. तेव्हा मधूनच एकूण गुणतक्ता उघडून ‘अमुक पहिली’ म्हणणं व्यर्थ. नावापुढे आधी पाहा, किती टप्पे झाले? मग गुण.

गुणांचा हिशेब

दोन प्रकारचे गुण आहेत आणि ते वेगळे ठेवले की डोकं दुखत नाही.

पहिले डावाचे: विजयाला १, बरोबरीला अर्धा, पराभवाला शून्य. नऊ फेऱ्यांत पुण्याला हंपी आणि झू दोघींचे ७ झाले. इतक्या तगड्या मेळाव्यात नवांपैकी सात म्हणजे फार मोठी कामगिरी.

दुसरे मालिकेचे, म्हणजे टप्प्यात कितवी आलात त्यावर मिळणारे. पहिलीला १३०, दुसरीला १०५, तिसरीला ८५, अशी उतरती भाजणी. दोघींचे डावाचे गुण सारखे झाले तर त्या दोन जागांचे मालिका-गुण एकत्र करून वाटतात. म्हणून पुण्यात १३० अधिक १०५ भागिले दोन, दोघींना ११७.५. टायब्रेकच्या निकषांवर हंपीला पहिला क्रमांक मिळाला, पण मालिकेच्या तक्त्यात त्या टायब्रेकने तिला झूपेक्षा अर्धा गुणही जास्त दिला नाही. सुरुवातीच्या कोड्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

मोनॅकोत तर तिघी ५.५ वर अडकल्या होत्या: गोर्याचकिना, हंपी आणि मंगोलियाची मुंगुंतुल बात्खुयाग. १३०, १०५ आणि ८५ मिळून ३२०, भागिले तीन, प्रत्येकीला १०६.६७. दशांश चिन्हाला घाबरू नका, तो असाच आलेला असतो. उत्तराचा उरलेला अर्धा भागही आता दिसेल. हंपीचे दोन टप्पे असे झकास गेले, तरी तिन्हींची बेरीज झू आणि गोर्याचकिनाच्या खालीच राहिली. एका शहरात पहिलं येणं पुरत नाही, तिन्ही ठिकाणी वर राहावं लागतं.

टायब्रेक म्हणजे काय, हा पुढचा प्रश्न. आयपीएलच्या गुणतक्त्यात सारखे गुण झाले की नेट रनरेट पाहतात, तसलाच हा प्रकार. साखळी स्पर्धांत बऱ्याचदा सोनेबॉर्न-बर्गर नावाचा निकष असतो. तुम्ही ज्यांना हरवलंत त्यांचे पूर्ण गुण आणि ज्यांच्याशी बरोबरी केलीत त्यांचे निम्मे गुण, या सगळ्यांची बेरीज. तळाच्या खेळाडूला हरवून मिळालेला एक आणि वरच्या खेळाडूला हरवून मिळालेला एक, यात फरक करायची ही पद्धत. कोणता निकष आधी लावायचा हा क्रम स्पर्धेगणिक बदलतो.

आता तक्ता उघडा. डावीकडे नावं, वर १ ते १० आकडे, मधल्या चौकटींत १, ½ किंवा ०. कर्णावरच्या चौकटी बंद असतात, कारण स्वतःशी कोण खेळणार? एकच नाव निवडा आणि तिची ओळ आडवी वाचा. मग तिने कुणाला हरवलंय त्यांच्या ओळी पाहा. रोज दहा मिनिटं हे केलंत की चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत तुम्ही घरातल्यांना समजावून सांगू लागाल. ते ऐकतील की नाही तो भाग वेगळा.

साखळीत एकाच देशाच्या खेळाडूंना शक्यतो सुरुवातीच्या फेऱ्यांत आपापसात खेळवतात, म्हणजे शेवटी कुणी कुणाला ‘मदत’ केल्याचा संशय नको. पुण्यात हंपी, हरिका, वैशाली आणि दिव्या अशा चौघी भारतीय होत्या. तेव्हा अशा स्पर्धेचा निम्मा रस पहिल्या दोन-तीन दिवसांतच असतो. “शेवटच्या रविवारी जाऊ” असं म्हणणाऱ्यांना ही गंमत कळत नाही.

एक फेरी पाहायची तर

आता मुख्य काम. पाचही पट पाहायचा हट्ट सोडा. एक पट मुख्य, एक अधूनमधून, बाकीचे फक्त निकालापुरते.

मुख्य पट निवडताना सर्वांत मोठं नाव शोधू नका. त्या दिवशी कुणाला विजय हवाच आहे ते तक्त्यात बघा. आघाडीवरच्या खेळाडूला काळ्या मोहऱ्यांनी बरोबरी चालते, अर्धा गुण मागे असलेलीला नाही चालत. डाव रंगायचा तर तो या दुसरीच्याच पटावर.

वेळेचं गणित असं: पहिल्या ४० चालींसाठी ९० मिनिटं, मग उरलेल्या डावासाठी आणखी ३० मिनिटं, आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंदांची भर. दोघींनी पूर्ण वेळ वापरला तर ४० व्या चालीपर्यंत प्रत्येकीची ११० मिनिटं, दोघींची मिळून ३ तास ४० मिनिटं. समजा फेरी तीनला सुरू झाली, तर खरी धांदल सहाच्या पुढे-मागे.

पहिल्या दहा-पंधरा चाली भराभर पडतात. त्या घरून पाठ करून आणलेल्या असतात, त्यात तुम्हाला काही कळलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. लक्ष द्या ते पहिल्या लांब विचाराकडे. पाच-पाच सेकंदांत खेळणारी खेळाडू एकदम वीस मिनिटं थांबली, की समजा तयारी संपली आणि डाव सुरू झाला. माझ्या मते कुठल्याही डावातला हा सर्वांत पाहण्यासारखा क्षण. तेव्हा स्वतःला विचारा, मी असते किंवा असतो तर काय खेळलो असतो? उत्तर चुकेलच. पण आता तिची चाल पाहताना तुमच्या हातात काहीतरी ताडून पाहायला असतं.

दुसरा टप्पा ३० ते ४० चालींचा. घड्याळात दोन-तीन मिनिटं उरलेली, तरीही दर चाल कागदावर लिहावीच लागते, कारण ३० सेकंदांची भर मिळते तिथे लिहिण्यापासून सुटका नाही. चाल खेळायची, घड्याळ दाबायचं, लिहायचं, समोरचीची चाल पाहायची, ती लिहायची. हात थरथरत असतो, अक्षर बिघडतं. एवढ्या घाईत भल्याभल्यांचा वजीर नको त्या घरात जाऊन बसतो. चाळिसावी चाल पडली की दोघींपैकी एक तरी उठून पाणी प्यायला जाणार, हे ठरलेलं.

निकाल कळण्याची एक खूण सांगून ठेवतो. हस्तांदोलन झालं की खेळाडू दोन्ही राजे पटाच्या मधोमध ठेवतात. दोन्ही पांढऱ्या घरांत असले तर पांढऱ्या मोहऱ्यांचा विजय, दोन्ही काळ्या घरांत असले तर काळ्यांचा, एक पांढऱ्या आणि एक काळ्या घरात असला तर बरोबरी. इलेक्ट्रॉनिक पट निकाल असाच ओळखतो. लांबून, आवाजाशिवाय, तुम्हालाही कळतो.

घरबसल्या पाहताना

लिचेस किंवा चेस डॉट कॉम या संकेतस्थळांवर सगळे डाव चालीगणिक दिसतात. अनेक स्पर्धांत प्रक्षेपण मुद्दाम काही मिनिटं मागे ठेवतात, बाहेरून कुणी चाल सुचवू नये म्हणून. पटाशेजारी एक उभी पट्टी असते आणि तिच्यावर आकडा: +०.३, −१.२ वगैरे. तो संगणकाचा कौल. अधिक म्हणजे पांढऱ्याचं पारडं जड, उणे म्हणजे काळ्याचं, आणि १ म्हणजे साधारण एका प्याद्याइतका फायदा.

ही पट्टी बंद करा, निदान पहिला तासभर. ती सुरू असली की तुम्ही पट पाहतच नाही, आकडा पाहता. मग तीन हजारांवर ताकदीचं यंत्र म्हणतं म्हणून वैशालीच्या चालीवर ‘हे काय खेळली’ म्हणणारे आपण कोण? (सोशल मीडियावर असे पुष्कळ सापडतील. त्यांचं स्वतःचं रेटिंग विचारा, संभाषण संपतं.)

चालींची लिपी एका संध्याकाळी येते. ‘ई४’ म्हणजे प्यादं त्या घरात गेलं. ‘एनएफ३’ म्हणजे घोडा एफ३ वर. ‘बी’ उंट, ‘आर’ हत्ती, ‘क्यू’ वजीर, ‘के’ राजा. दोन शून्यं म्हणजे राजाच्या बाजूचा किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं), तीन शून्यं म्हणजे वजिराच्या बाजूचा. पट घेऊन समोर मांडा आणि पडद्यावरची प्रत्येक चाल हाताने खेळा. पडद्याकडे नुसतं बघण्यापेक्षा दसपट कळतं.

प्रत्यक्ष सभागृहात जायचं तर

पुण्यात पुन्हा अशी स्पर्धा आली की प्रवेशाची पद्धत आयोजकांकडून आधी विचारून घ्या. फोन, स्मार्ट घड्याळ, इअरफोन, काहीही आत चालत नाही. शक्य असेल तर घरीच ठेवून जा. वाजणाऱ्या चपला नकोत. आत कुजबुज नको, ‘मुलाला समजावून सांगत होतो’ हे कारण पंच ऐकून घेत नाहीत. समालोचनाची खोली वेगळी असेल तर लहान मुलांना तिथेच न्या, तिथे प्रश्न विचारता येतात.

रंगत सहाच्या सुमारास येते हे वर सांगितलंच. पण स्पर्धा हडपसर-मगरपट्ट्याच्या बाजूला असेल तर पाचला स्वारगेटहून निघण्याचं धाडस करू नका. चारच्या आत पोहोचा, एक चक्कर मारा, चहा घ्या आणि साडेपाचपासून जागा धरून बसा.

सह्या मागायच्या त्या डाव संपल्यावर, आणि तेही हरलेल्या खेळाडूला सोडून. जिंकलेल्या खेळाडू बहुधा आनंदाने देतात.

पुण्याला हे वातावरण नवं नाही. ग्रँडमास्टर अभिजित कुंटे इथलेच. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे ते कर्णधार होते आणि त्या संघातल्या हरिका, वैशाली व दिव्या पुढच्याच एप्रिलमध्ये इथे खेळून गेल्या. २००९ ची ज्युनिअर मुलींची जगज्जेती सौम्या स्वामिनाथनही पुण्यात वाढलेली खेळाडू.

पाहून हात शिवशिवले तर

शिवशिवणारच. पालकांनी मात्र लगेच महागड्या शिबिराचे पैसे भरू नयेत. आधी मुलाला किंवा मुलीला एका साध्या, एकदिवसीय जलद स्पर्धेत बसवा. अशा स्पर्धा शहरात सुट्टीच्या दिवशी होत राहतात, जिल्हा संघटनेकडे आणि क्लबांकडे त्यांची माहिती मिळते. दिवसभर हरूनही संध्याकाळी ‘पुढची कधी आहे?’ असं मूल विचारत असेल तर पुढचा खर्च करा.

मग अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाच्या संकेतस्थळावर खेळाडू म्हणून नोंदणी करा. जन्मदाखला जवळ ठेवा, नावाचं स्पेलिंग दाखल्यावर आहे तसंच घाला, नंतर दुरुस्ती हा डोक्याला ताप असतो. फिडेचा क्रमांकही महासंघामार्फतच मिळतो, तो आयुष्यभर एकच राहतो.

यानंतर क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या प्रकारची एखादी रेटिंग स्पर्धा. पहिलं फिडे रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या किमान पाच प्रतिस्पर्ध्यांशी डाव व्हावे लागतात. ते एकाच स्पर्धेत झाले पाहिजेत असं नाही, २६ महिन्यांच्या आतले जोडता येतात. हिशेब १४०० च्या खाली आला तर रेटिंग यादीत येत नाही. मार्च २०२४ पासून ही किमान पातळी १००० वरून १४०० झाली आहे, त्यामुळे एखादा जुना खेळाडू ‘आमच्या वेळी लगेच मिळायचं’ म्हणाला तर तो खोटं बोलत नाही. रेटिंग आलं की नव्या खेळाडूचा गुणक (एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा) ४० असतो. बरोबरीच्या रेटिंगवाल्याला हरवलं तर २० वाढतात, हरलं तर २० जातात. आकडा वरखाली उसळतो, पहिल्या वर्षी त्यावरून घरात रडारड नको.

स्पर्धेला जाताना दोन पेनं, पाण्याची बाटली, डबा. फोन पालकांकडे, बंद करून. मोहऱ्याला हात लावला की तेच मोहरं खेळावं लागतं, हे घरी सरावाच्या डावांतही पाळा. हात काढून घ्यायची सवय लागली की ती स्पर्धेत नेमकी महागात पडते. डाव संपल्यावर निकाल बरोबर लिहिला गेलाय ना हे पाहूनच सही करायला सांगा.

नवी रेटिंग यादी दर महिन्याच्या १ तारखेला लागते. स्पर्धा महिनाअखेरीला संपली असेल तर निकाल त्यापुढच्या यादीत जाऊ शकतो. दोन याद्या उलटूनही स्पर्धा दिसत नसेल तर फिडेच्या संकेतस्थळावर आपला क्रमांक घालून तपासा आणि आयोजकांना अहवाल पाठवला का ते विचारा. विचारताना स्पर्धेचं नाव, तारखा आणि आपला फिडे क्रमांक सोबत द्या, म्हणजे शोधाशोध वाचते.